आधी ब्रेक, मग गाडी

(तरुणांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे, 'पहिली मोटरसायकल कशी निवडावी'. इथे येताना दारात दोघांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आपा, फक्त एवढं सांगा, रेडर घेऊ की पल्सर?" त्याचं उत्तर देईन, पण शेवटी. कारण एखादा मुलगा किंवा मुलगी गाडीसाठी पैसे साठवते तेव्हा घरात जी चर्चा होते ती मायलेज, रंग, हप्ता आणि कुणाच्या ओळखीचं शोरूम आहे यावर. चालवायला कोण शिकवणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो चुलतभाऊ शिकवतो, संध्याकाळी, पंधरा मिनिटांत.

मी मिरजेची. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. गिअरची गाडी मी तिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी आमच्या घरात दुचाकीचं नाव काढायला बंदी होती. मी सातवीत असताना माझे मामू गेले. वेग फार नव्हता, रस्ताही ओळखीचा. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. त्यानंतर अम्मीने अब्बांची गाडी विकायला लावली आणि आम्ही भावंडं रिक्षा, एसटी आणि दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर मोठी झालो. अम्मीचं भय मला कळतं. पण त्या बंदीने आमच्यापैकी कुणी सुरक्षित झालं नाही. माझा भाऊ मित्रांच्या गाड्या चोरून चालवत होताच. फक्त त्याला कुणी नीट शिकवलं नाही. आणि मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उशिरा निघायचं असेल तर आधी घरी कोण सोडेल ते ठरवावं लागे.

म्हणून तुम्हाला सांगते, घाबरवायला मी आले नाही. दुचाकी हे आपल्यासारख्या घरांतल्या मुलामुलींसाठी शिक्षणाचं आणि नोकरीचं साधन आहे. ती चालवायला शिकायलाच हवी. प्रश्न फक्त कशी शिकायची हा आहे.

आकडे एकदाच सांगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्याने गेलेले ५०,०२९, आणि यातले १४,३३७ जण गाडी चालवतही नव्हते, मागे बसले होते. हा शेवटचा आकडा घरी जाऊन सांगा. मागे बसणारी म्हणजे बहुतेक वेळा आपली अम्मी, बहीण, बायको.

आता एक जुना अभ्यास. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट नावाचे संशोधक होते. त्यांच्या गटाने १९७६-७७ मध्ये मोटरसायकलचे ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले, १९८१ मध्ये अहवाल आला. परदेशातला, चाळीसहून अधिक वर्षं जुना, तरी त्यातल्या चार गोष्टी वाचताना मला आपली गल्ली दिसली. अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून जास्त जणांना ती गाडी हातात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. अपघाताच्या आधीचा मध्यम वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे आपला शहरातला वेग. आणि संकट दिसल्यापासून धडक होईपर्यंत मिळालेला वेळ साधारण दोन सेकंदांहून कमी.

त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरलं, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

इथे हात वर करा. किती जणांना लहानपणी सांगितलंय की पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते? बघा, जवळपास सगळे. हा सल्ला सायकलवरून आलाय. सायकलवर पुढचा ब्रेक झटक्यात दाबून तोंडावर पडलेला माणूस मोठा झाला आणि त्याने तो सल्ला शंभर किलोच्या गाडीला लावला.

गणित साधं आहे, बारावीचं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कुत्रं आडवं आलं हे डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, ११ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी साधारण ९ मीटरांत थांबते. फक्त मागचा लावला तर साधारण १८ मीटर लागतात. आता दोन मुलं शेजारी शेजारी चालली आहेत असं समजा. दोघांनी एकाच क्षणी ब्रेक लावला. पहिला जिथे पूर्ण थांबला, त्या जागेवरून दुसरा ताशी २८ किलोमीटरने पुढे जातोय. गाडी तीच, रस्ता तोच. ताशी ६० वर हेच गणित करून बघा, म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी घेतलेल्या बुलेटचा अर्थ बदलेल.

असं का होतं? ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे सरकतं. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं, म्हणून लगेच घसरतं. पुढच्या ब्रेकमध्ये ताकद जास्त आहे ती यासाठी. फक्त तो झटक्यात ओढायचा नाही, पिळायचा. ओलं फडकं हळूहळू पण शेवटपर्यंत पिळता ना, तसा. हँडल वळलेलं असताना, वाळूवर, खडीवर किंवा पहिल्या पावसाने चिकट झालेल्या रस्त्यावर पुढच्याचा जोर कमी ठेवायचा. हे ऐकून समजतं, पण दोन सेकंदांत आठवत नाही. हातालाच माहीत असावं लागतं, आणि हाताला कळायला मैदानावर शंभर वेळा करावं लागतं. मी केलं. पहिल्या दिवशी माझी बोटं क्लचवर इतकी घट्ट होती की संध्याकाळी चहाचा कप धरवेना.

"पण नव्या गाड्यांना एबीएस असतो ना?" असतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि १२५ व त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक अडकू देत नाही. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण ब्रेक दाबायचं काम तुमचंच राहतं. बऱ्याच दीडशे सीसीच्या गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतो, हेही शोरूममध्ये विचारून घ्या.

तर शिकायचं कुठे? आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दुचाकीचं शिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी महिलांसाठी स्कूटरचे दहा दिवस. तेही वाईट नाही. गिअरच्या गाडीचं रीतसर शिक्षण शोधावं लागतं. मोठ्या शहरांत काही कंपन्या आणि स्वतंत्र प्रशिक्षक शनिवार-रविवारचे वर्ग घेतात. पैसे भरण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारा. गिअरची गाडी तुम्ही देणार का? एका प्रशिक्षकामागे किती जण? आणि अचानक थांबण्याचा सराव घेता का? तिसऱ्यावर समोरचा हसला, तर परत या.

वर्ग नाही मिळाला तर घरातलाच कुणी शांत माणूस धरा. शांत हा शब्द महत्त्वाचा. जो भाऊ ओरडतो तो कितीही चांगला चालवत असला तरी नको. शाळेचं मैदान, रविवारी फज्रनंतरचे दोन तास. आधी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलत चालवा, वजन कळू द्या. स्टँड लावा, काढा. मग पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला हात न लावता, फक्त क्लच हळू सोडून गाडी चालण्याच्या वेगाने पुढे न्या. तो जो बिंदू आहे जिथे क्लच धरतो, तो डाव्या हाताला सापडला की निम्मं शिक्षण झालं. त्यानंतर सरळ रेषेत थांबणं. मग आठचा आकडा, नजर पुढच्या चाकावर नाही, जिकडे जायचंय तिकडे. दोन विटा ठेवून त्यांच्यामधून जाताना विटेकडे बघितलं की गाडी विटेवरच जाते, बघा करून. रहदारीत जायची घाई नको. माझे पाच रविवार मैदानात गेले आणि शेजारच्या टपरीवरच्या चाचांना वाटलं मला येतच नाही.

एक प्रामाणिक गोष्टही सांगते, कारण तुम्ही इंटरनेटवर शोधणार आहात. असं एखादं शिक्षण घेतलं की अपघात कमी होतातच, हे स्वच्छ सिद्ध करणारे अभ्यास हाती नाहीत. काही वेळा दोन दिवसांचा वर्ग करून आलेला मुलगा जास्तच धीट होतो. प्रमाणपत्र दाखवून घाटात निघतो. म्हणून शिकून आल्यावरचे पहिले सहा महिने मी शिक्षणातच मोजते. त्या काळात मागे कुणी बसवायचं नाही, रात्रीचा हायवे नाही, आणि मित्रांच्या गटाबरोबर लोणावळा नाही.

कायदाही थोडासा हेच म्हणतो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. लर्निंगवर असताना शिकवणारा लायसन्सवाला सोडून दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही. ५० सीसीच्या वरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. आणि ज्या घरांत पंधरा वर्षांच्या पोराला "जा, गाडीवरून मटण घेऊन ये" म्हणतात, त्यांनी ऐका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर जबाबदार पालक किंवा गाडीमालक धरले जातात. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मटण चालत आणता येतं.

मुलींनी एक तपासा. तुम्ही परीक्षा स्कूटरवर दिली असेल तर लायसन्सवर 'विदाउट गिअर' लिहिलेलं असतं. त्यावर भावाची मोटरसायकल चालवली तर ती विनालायसन्सच, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात. दोन्ही येत असतील तर गिअरचं काढून घ्या.

आता हेल्मेट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यावर आपल्या बहिणींना कुणी काही सांगत नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवायचं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ती प्लॅस्टिकची टोपी मिळते. घेऊ नका. पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआयचं साधं हेल्मेट दीड-दोन हजारांत येतं. माप घ्यायचं भुवयांच्या थोडं वर, शिंप्याच्या टेपने. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागून वर-पुढे ओढून बघा, निघून आलं तर मोठं आहे.

हिजाब घालणाऱ्यांनी माप हिजाबसकट घ्यायचं, आणि तोच कपडा घालून दुकानात जायचं जो रोज घालता. आत पातळ सुती टोपी आणि एकच पदर. टाचणी एकही नको, धडकेत ती डोक्यातच जाते. मागे केसांचा उंच अंबाडा असेल तर हेल्मेट पुढे झुकतं आणि डोळ्यांवर येतं, म्हणून केस खाली मानेजवळ बांधायचे. दुपट्ट्याची टोकं जॅकेटच्या आत. मुलांनो, तुमच्यासाठीही आहे, नमाजची टोपी खिशात ठेवा, हेल्मेटच्या आत नको. आणि "जवळच तर जायचंय मशिदीपर्यंत" यावर मी काही बोलणार नाही, मामूंचं सांगितलंच आहे.

मागे बसणारीचा बुरखा किंवा अबाया हा माझ्या दृष्टीने गाडी निवडण्याचाच भाग आहे. कापड चाकात किंवा चेनमध्ये अडकलं की बाई खेचली जाते. मागच्या चाकाच्या बाजूला जाळी, म्हणजे आपण जिला साडी गार्ड म्हणतो ती, नियमाने असावीच लागते. पण स्पोर्टी गाडी घेणारे पहिल्याच आठवड्यात ती काढून टाकतात, दिसायला बरी नाही म्हणून. ज्या गाडीवर अम्मी बसणार आहे तिची जाळी काढू नका आणि शक्यतो पूर्ण झाकलेल्या चेनची गाडी घ्या. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित आहे. आमच्या खालांना हे पटायला एक वर्ष लागलं, आता त्याच इतरांना सांगतात.

तर गाडी. दारातल्या दोघांनो, ऐका. आधी बजेटमधून तीन गोष्टी बाजूला काढा: शिकण्याचे पैसे, दोन हेल्मेट, विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे. चालवणाऱ्या मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो कागदावर लागला आहे का ते वाचून बघा. उरलेल्या पैशांत जी येईल ती गाडी.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी १०० ते १२५ सीसीची. स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० चं १९५. ही दोन गाड्या पार्किंगमध्ये आडव्या पडल्या तर कुठली एकट्याने उचलाल? नवीन माणसाची गाडी पडते, ती पडणारच, बहुतेक वेळा उभी असताना किंवा वळताना. सीटवर बसून दोन्ही पायांचे निदान पंजे नीट टेकले पाहिजेत. रेडरही चांगली आहे, शाईनही, युनिकॉर्न थोडी मोठी पण समजूतदार. पल्सर दोनशे किंवा ड्यूक दोन वर्षांनी घ्या, तेव्हाही मिळतील.

बुलेटबद्दल माझं भांडण गाडीशी नाही. पण आपल्याकडे बऱ्याच मुलांची पहिली गाडी सासरकडून येते. ती मुलाने त्याच्या गरजेने निवडलेली नसते आणि मुलीच्या अब्बांना परवडलेली नसते. मांडवात उभी करून चांगली दिसावी एवढ्यासाठी ती मोठी असते. ज्याने आयुष्यात स्कूटीच चालवली तो दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवरीला बसवून निघतो. त्याला भेट म्हणा किंवा काही म्हणा, १९६१ च्या कायद्यात त्याचं नाव हुंडा आहे. पहिली गाडी स्वतःच्या पगाराची घ्या. लहान येईल, ते बरंच आहे.

व्याजाचा हप्ता नको म्हणून आपल्यातले अनेक जण रोखीने जुनी गाडी घेतात. माझी पहिलीही जुनीच होती. जुनी घेताना सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना, आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा. धूर बघा. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेल ओघळलंय का बघा. हात सैल ठेवून हळू चालवली तर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा, ओढत असेल तर ती कुठेतरी जोरात आदळलेली आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. हँडलच्या खाली मानेवरचा चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची नोंद उतरवलेली हवी. आणि नाव बदलून घ्या, फॉर्म २९ आणि ३०. "मित्राचीच आहे, करू नंतर" असं म्हणत वर्षानुवर्षं गाडी दुसऱ्याच्या नावावर फिरते आणि नोटीस त्याच्या घरी जाते. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या हातात दुसऱ्याच्या नावाची गाडी सापडली की पुढे किती प्रश्न विचारले जातात हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक विचारलेला प्रश्न राहिला, रोजे असताना चालवावी का. चालवा, पण मगरिबच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर सगळ्यांत वाईट. तहान लागलेली, लक्ष उडालेलं, उजेड कमी होत जातो आणि सगळ्यांनाच घरी पोचायचंय. एक तर लवकर निघा, नाही तर पिशवीत दोन खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. अजान झाली की गाडी बाजूला घेऊन रोजा सोडा, दहा मिनिटांनी पुढे जा. घरचे थांबतात.

दुपारी जेवणानंतर मागच्या मैदानावर दोन गाड्या आणि सहा हेल्मेट ठेवली आहेत. आधी मुली, मग मुलं. पहिला तास फक्त क्लच आणि थांबणं. पायात बूट हवेत, चप्पल घालून आलेल्याला गाडी मिळणार नाही.